लाल रेघेला तडा नव्हता

१

सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी धाकटीच्या इंजिनानं भसकन काळा धूर ओकला, आणि खरं सांगतो, मला बरं वाटलं.

साळसूदपणाचा आव मी आणणार नाही. अठ्ठावीस वर्षं मी डिझेल इंजिनांना शिस्त लावतोय. कधी किती डिझेल द्यायचं, कोणती झडप केव्हा मिटायची, याचे आकडे इंजिनाच्या कंट्रोलरमध्ये भरणं हे माझं काम. त्या आकड्यांच्या तक्त्याला आम्ही मॅप म्हणतो, आणि मला सगळे मास्तर म्हणतात. धाकटी दोन वर्षांपूर्वी माझ्याच हाताखाली आली. विभागात वयानं सर्वांत लहान म्हणून धाकटी. मी तिला बोट धरून शिकवलं, आणि बघता बघता ती माझ्या डोक्यावर मिरे वाटायला लागली.

निमित्त झालं लोडरच्या इंजिनाचं. लोडरची बादली मातीत शिरली की इंजिनावर एकदम भार येतो, बादली सुटली की एकदम जातो, आणि लगेच पुन्हा येतो. डिझेल क्षणात वाढवता येतं, पण हवा भरणारा टर्बो आळशी. त्याला वेग घ्यायला सेकंद-दोन सेकंद लागतात. हवेच्या आधी डिझेल दिलं की काळा धूर. माझ्या मॅपमध्ये मी डिझेलचा हात सरळ आखडता ठेवला होता. हवा किती आली हे विचारायचंच नाही, ठरावीक वेळ थांबायचं आणि मग द्यायचं. धूर नाही, पण इंजिन रेंगाळायचं आणि लोडरवाले आमचा उद्धार करायचे. धाकटीचा मॅप हवेचा दाब क्षणोक्षणी बघतो आणि जेवढी हवा तेवढंच डिझेल देतो. रेंगाळणं संपलं. तीन दिवसांत चाळीस चाचण्या झाल्या, धुराचं नाव नाही. "मास्तर, शिष्या तुमच्या पुढं गेली हो!" साहेब चारचौघांत म्हणाले. मी हसलो. हातातला चहा मात्र कडू झाला.

आज दुपारी तीनला लोडर बनवणारे पाहुणे इंजिन बघायला यायचे होते. त्यासाठी सकाळची ही रंगीत तालीम, आणि तिचा असा बट्ट्याबोळ.

"काल चार वाजता स्वच्छ चालत होतं," धाकटी चाचणीच्या खोलीच्या काचेला हात टेकून म्हणाली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. "सर, कुणीतरी काहीतरी केलंय."

साहेबांनी माझा जुना मॅप चढवून बघायला सांगितलं. तेच इंजिन, तोच भार, आणि धुराचा ठिपकासुद्धा नाही. खोलीतल्या सगळ्यांनी आधी इंजिनाकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे.

साहेबांनी मला बाजूला घेतलं. "मास्तर, दोन वाजेपर्यंत काय ते शोधा. नाही सापडलं तर पाहुण्यांना तुमचा मॅप दाखवू आणि हिचं काम गुंडाळू. हिचा करार या महिन्यात संपतोय. धूर ओकणाऱ्या मॅपवर मी तो कुठल्या तोंडानं वाढवू?"

"पण मीच का शोधू?"

"कारण असं काही करण्याइतकी अक्कल इथं फक्त तुम्हाला आहे," साहेब म्हणाले, आणि हसले नाहीत.

२

चोराच्याच हाती किल्ल्या दिल्यासारखं झालं. मी चोर नव्हतो, एवढाच काय तो फरक. गप्प बसलो असतो तर तीन वाजता माझा मॅप दिमाखात चालला असता. पण मग जन्मभर सगळ्यांनी म्हटलं असतं, मास्तरांनीच केलं. दुसऱ्याच्या पापावर आपण का बदनाम व्हायचं? मी कामाला लागलो.

पहिला गाठला टेस्ट सेलचा, म्हणजे त्या चाचणीच्या खोलीचा मिस्त्री.

"तोंडावर बोलतो मास्तर, राग मानू नका," तो फडक्याला हात पुसत म्हणाला. "सगळ्यांना वाटतंय तुम्हीच."

"आणि तुला?"

"मला नाही वाटत. तुम्ही केलं असतं तर सापडलं नसतं."

"अजून सापडलंय कुठं?"

"हां... तेही आहेच म्हणा."

"तुझाही राग आहे की तिच्यावर."

"आहे ना! चाळीस चाचण्यांत माझे गुडघे गेले. रोज शिव्या घालतो तिला. पण त्या इंजिनानं माझं काय घोडं मारलंय?"

मला पहिला संशय होता हवेच्या दाबाच्या सेन्सरवर. इंजिनाच्या हादऱ्यानं तो मरतो, म्हणून आम्ही तो भिंतीवरच्या पट्टीला बसवतो आणि बोटाएवढ्या रबरी नळीनं इंजिनाला जोडतो. मिस्त्री म्हणाला, "नऊ वाजता सील न तोडता, नळीवरच्या तोटीतून हातपंपानं दाब देऊन बघितलाय. जेवढा दिला तेवढाच दाखवला. आणि सील बघा की."

सील म्हणजे लाल रेघ. मापाचं प्रत्येक उपकरण रोज तपासायचं काम गेज रूमचं. तपासलं, नळ्या जोडल्या, की नटावरून एक लाल लाखेची रेघ ओढतात. नट केसभर फिरवला तरी रेघेला तडा जातो. गेज रूम बावीस वर्षं आमच्या हिच्या ताब्यात आहे. हो, माझ्या बायकोच्याच. तिच्या लाल रेघेवर आजवर कुणी शंका घेतलेली नाही, माझ्या मॅपवर घेतात तेवढी तर नाहीच नाही. काल संध्याकाळी सहाला तिनं हा सेन्सर तपासून, जोडून सील केला होता. मी भिंग लावून बघितलं. रेघ अखंड होती.

"म्हणजे कालपासून नळीला कुणाचा हात लागलेला नाही," मी म्हणालो.

"नाहीच. पण एक गंमत सांगू? मी साडेआठला आलो तेव्हा इंजिनाचं अंग कोमट होतं." मिस्त्रीनं आवाज खाली आणला. "माझ्या आधी कुणीतरी ते चालवलंय."

३

सकाळी लवकर येणारा आमच्यात एकच. मॅपच्या फाइली सांभाळणारा पोपट. साहेब जे बोलतात ते हा पाच मिनिटांनी स्वतःचं म्हणून बोलतो, म्हणून पोपट.

"फाइल कालचीच आहे," त्यानं मी विचारायच्या आतच पडदा माझ्याकडे वळवला. प्रत्येक फाइलला एक ओळखीचा आकडा असतो. आतला एक अंक बदलला तरी तो आकडा बदलतो. कालचा आकडा आणि आजचा आकडा एकच होता.

"फाइल राहू दे. आठ वाजता इंजिन कुणी चालवलं?"

पोपटानं पडदा परत स्वतःकडे वळवला. "मला काय माहीत?"

"साहेबांना विचारू?"

"नको नको! मीच. पण मी काही बिघडवलं नाही, आईशप्पथ. मी फक्त... बघत होतो. तिचा मॅप कसा चालतो ते."

"चोरून शिकत होतास. अरे, तिला विचारलं असतंस तर तिनं शिकवलं असतं."

"तिला विचारू? मी?" तो उसळला. "चार वर्षं सीनियर आहे मी तिला!"

आरशाला कोण रागावतं?

"मग? आठ वाजता धूर होता का?" मी विचारलं.

"तेच तर विचित्र आहे सर. पहिल्यांदा भार दिला तेव्हा धूर नव्हता, उलट इंजिन मरगळलेलं. तुमच्या... म्हणजे जुन्या मॅपपेक्षाही मरगळलेलं. भार काढला आणि लगेच परत दिला, तेव्हा भसकन धूर. पाच वेळा केलं, पाचही वेळा तस्संच. मी घाबरून बंद केलं."

"आणि हे दहा वाजता सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर सगळ्यांना कळलं असतं ना, मी तिथं काय करत होतो ते."

म्हणजे काल चारनंतर आणि आज आठच्या आत. सहाला सील झाल्यापासून सेलला कुलूप. किल्ली फाटकावरच्या पहारेकऱ्याकडे, त्याच्या वहीत पोपटाशिवाय कुणाची सही नाही. फाइल शाबूत, रेघ शाबूत, कुलूप शाबूत. घड्याळात साडेबारा, आणि माझ्या डोक्यात मात्र धूरच धूर.

४

अडलं की माणूस घरच्या माणसाकडे जातो. मी जेवायला गेज रूममध्ये गेलो. रोजच जातो. काचेची कपाटं, ओळीनं मांडलेली मापं आणि मधल्या टेबलावर आमचे दोन डबे.

"धाकटीचं इंजिन बिघडलं म्हणे," ही डब्याचं झाकण काढत म्हणाली.

"तुला कुणी सांगितलं?"

"सगळ्या कारखान्याला माहीत आहे. फार काळजी लागलीय वाटतं तुम्हाला."

"काळजी कसली डोंबलाची!" मी म्हणालो, आणि मग दहा मिनिटं धाकटीबद्दलच बोललो. ती कशी उभी होती, काय म्हणाली, मागच्या आठवड्यात साहेबांसमोर कशी फाडफाड बोलली, तिच्या हातात काय जादू आहे कोण जाणे. ही खाली मान घालून जेवत होती. तिच्या पांढऱ्या एप्रनला चार पांढरी बटणं आणि मधलंच एक काळं होतं.

"हे काळं कुठून आणलंस?"

"बटणांच्या डब्यात तेच सापडलं. परवा अख्खा डबा उपसला. जेवा, गार होतंय."

"बरं, एक सांग. काल तो दाबाचा सेन्सर तू तपासलास ना? ठीक होता?"

आमची ही उत्तराला कधी थांबत नाही. प्रश्न संपायच्या आत उत्तर तयार. लग्नाच्या बोलणीतसुद्धा माझ्या मामांना हिनं असंच गार केलं होतं. आज तिनं घास चावला, गिळला, पाणी प्यायली आणि मग म्हणाली, "आकडा बरोबर होता."

मी डबा धुवायला नळावर गेलो. पाण्याची धार हातावर घेत उभा राहिलो. उत्तर खरं होतं, पण उशिरा आलं होतं. खरं, पण उशिरा.

डबा माझ्या हातातून सटकला.

५

सेन्सर खोटं बोलत नव्हता. उशिरा बोलत होता!

नुसतं मांडून बघा. पहिल्यांदा भार येतो. हवा वाढते, पण सेन्सर म्हणतो, अजून नाही वाढली. मॅप डिझेल कमी देतो आणि इंजिन मरगळतं. मग भार जातो. हवा पडते, पण सेन्सर अजून मघाचाच आकडा धरून बसलेला, हवा भरपूर म्हणतो. तेवढ्यात पुन्हा भार येतो. मॅप बिचारा विश्वासानं भरपूर डिझेल ओततो, आणि भसकन धूर! हातपंपानं दाब देऊन तुम्ही आकडा बघत थांबता, तेव्हा तो बरोबरच येणार. आणि माझा जुना मॅप? तो सेन्सरला विचारतच नाही, मग तो फसेल कसा?

आता सेन्सर उशिरा कशानं बोलेल, हा प्रश्न. त्याचं उत्तर आलं, आणि ते माझ्याच हातचं होतं.

पूर्वी आमच्या चाचण्या संथ असायच्या. वेग धरा, भार धरा, तीन मिनिटं थांबा, आकडा लिहा. पण काटा थरथरायचा, आकडा वाचता यायचा नाही. म्हणून मी एक युक्ती काढली होती. सुईएवढं भोक असलेला पितळी मणी नळीत बसवायचा. दाब त्यातून झिरपत झिरपत जातो आणि काटा शांत होतो. थांबून वाचायचं असेल तर काहीच बिघडत नाही. पण जिथं अर्ध्या सेकंदात सगळं बदलतं तिथं तो मणी म्हणजे मुका मार.

मी जवळजवळ धावतच सेलमध्ये गेलो. "पाना दे."

"मास्तर, सील आहे!" मिस्त्री ओरडला.

मी नट फिरवला. लाल रेघ कट्कन तुटली. नळी उलटी करून झटकली आणि माझ्या तळहातावर पितळी मणी पडला. एक कड तिरपी. ज्या दिवशी तो कातला त्या दिवशी लेथचं हत्यार बोथट होतं. असे तीन मणी मी केले होते आणि काम संपल्यावर घरी नेऊन टाकले होते. कुठं? बटणांच्या डब्यात.

काखेत कळसा आणि गावाला वळसा! अखंड लाल रेघ मी सकाळपासून साक्षीदार समजत होतो. रेघ अखंड होती, म्हणजे मणी रेघेच्या आधी आत गेला होता. आणि ती रेघ ओढणारा हात या कारखान्यात एकच आहे.

६

गेज रूमचं दार मी आतून लावलं आणि मणी टेबलावर ठेवला. तिनं बघितलं. नाही म्हणाली नाही.

लाज वाटते सांगायला, पण माझ्या मनात पहिल्यांदा राग आला नाही. छाती फुगली. आपल्या नवऱ्याचा मॅप मागं पडू नये म्हणून बाईनं बावीस वर्षांची अब्रू पणाला लावली!

"अगं, माझ्यासाठी एवढं करायचं?" मी म्हणालो.

"तुमच्यासाठी?" ती हसली, आणि ते हसणं काही चांगलं नव्हतं. "तुमच्या मॅपचं मला काय करायचंय? ती इथून जावी म्हणून केलं."

"ती? तिनं तुझं काय केलं?"

"दोन वर्षं झाली. आपल्या घरात ताटं दोन, पण जेवायला तिसरी असतेच. धाकटी असं म्हणाली, धाकटीनं तसं केलं, आज निळ्या कपड्यांत आली होती. मी कोणत्या रंगात होते हो आज? एप्रनच्या बटणाखेरीज काय दिसलं तुम्हाला? झोपेतसुद्धा दोनदा तिचं नाव घेतलंत. मी काय दगड आहे?"

मी स्टूल ओढून बसलो. "अगं वेडे, ते प्रेम नव्हतं. जळत होतो मी तिच्यावर. माझ्या अठ्ठावीस वर्षांवर तिनं दोन वर्षांत पाणी फिरवलं. झोपेत तिला शिव्या देत असेन मी!"

तिनं मणी बाजूला सारला. "खरं?"

"तुझी शपथ."

"मग जळतोय असं सांगायचं ना! मला काय कमी कळतं त्यातलं? दोन वर्षं मीही तेच करत होते." तिनं डोळ्यांना पदर लावला. "आता काय करायचं?"

"तू इथंच बस. मणी माझा आहे. बाकीचं मी बघतो."

पावणेदोन वाजले होते.

७

मण्याविना नळी जोडली. भार दिला, काढला, पुन्हा दिला. इंजिन हाकेला ओ द्यावी तसं उठलं. धूर नाही. धाकटीनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मिस्त्री आपल्या गुडघ्यांना विसरून उड्या मारत होता.

"सापडलं ते ठीक," साहेब म्हणाले. "घातला कुणी?"

"मणी मीच केलेला आहे," मी म्हणालो. शब्द खरा होता. "मीच घातला. हिचा मॅप चालला हे मला बघवत नव्हतं." तेही निम्मं खरंच होतं.

पोपटानं "मला वाटलंच होतं" असा चेहरा केला. धाकटी मात्र कपाळाला आठ्या घालून रेघ तुटलेल्या नटाकडे बघत होती. मीच शिकवलेली पोरगी ती. "सर, पण सील? काल सहाला तर सील झालं. सेलला रात्रभर कुलूप. तुम्ही घातला कधी?"

"सीलनंतर. पहारेकऱ्याचा डोळा चुकवून गेलो. नट फिरवला, मणी घातला आणि वरून नवी रेघ ओढली. लाल लाख काय, कुठंही मिळते. त्या रेघेत काय आहे एवढं? कुणीही ओढेल."

"कुणीही?"

दारात आमची ही उभी होती. हातात लाखेची बाटली. मी डोळ्यांनी खुणावलं, पण ती माझ्याकडे बघतच नव्हती.

"साहेब, हे खोटं बोलतायत. बावीस वर्षांत माझ्या रेघेची नक्कल कुणाला जमली नाही, आणि यांना तर सरळ रेघही ओढता येत नाही. ही रेघ माझी होती. मणी मीच घातला, रेघेच्या आधी. मला काय ती शिक्षा द्या, पण सील खोटं होतं असं लिहू नका. उद्या कुठल्याच उपकरणावर कुणी विश्वास ठेवणार नाही."

तिनं बाटली साहेबांसमोर ठेवली. मग ती धाकटीकडे वळली. "तुझ्यावर माझा राग नव्हता, पोरी. कशावर होता ते तुला सांगण्यासारखं नाही. चुकले मी."

धाकटीनं मणी उचलून उजेडात धरला. "काकू, तुम्ही हे केलंत याचा मला राग आहे, आणि तो लवकर जाणार नाही. पण लोडरच्या नळीत उद्या खरोखरीचा कचरा अडकला असता तरी हेच झालं असतं. सेन्सर उशिरा बोलायला लागला तर माझ्या मॅपला ते कळत नाही. आता कळेल अशी सोय करते. टर्बोचा वेग बघायचा, तो आणि दाब एकमेकांशी जुळेनात तर डिझेलचा हात आखडायचा. सरांच्या जुन्या मॅपसारखा."

मला का नाही सुचलं हे? क्षणभर पुन्हा पोटात दुखलंच. सुंभ जळाला तरी पीळ काही जात नाही.

तीन वाजता पाहुणे आले. इंजिन चाललं, पाहुणे खूश झाले. धाकटीचा करार साहेबांनी त्याच संध्याकाळी वाढवला. आमच्या हिची बदली तर दुपारीच भांडारात झाली, लाखेची बाटली दुसऱ्या हातात गेली. नोकरी राहिली, कारण धाकटीनंच साहेबांकडे शब्द टाकला. हे कळलं तेव्हा आम्ही दोघंही एकमेकांकडे न बघता घरी आलो.

जेवायला बसलो. मी तोंड घट्ट मिटून घेतलं होतं.

"बोला की," शेवटी हीच म्हणाली. "कसं चाललं तिचं इंजिन?"

"चांगलं चाललं." मी पाणी प्यायलो. "काम चांगलं आहे तिचं. माझ्यापेक्षा चांगलं."

ती वाढता वाढता थांबली. भांडारातल्या धुळीनं तिचे हात अजून करडे होते.

"हे एवढं एक वाक्य पहिल्या वर्षीच बोलला असतात ना," ती म्हणाली, "तर तो मणी बटणांतच राहिला असता."